भार उतरव, मग पट्टी बांध

बाय, नर्सिंग पुरं झालं, आता जखमांवर संशोधन करायचं म्हणतेस, तर एक गोष्ट आधी कानात घालून ठेव. वॉर्डात असो की आपल्या भुईगावात कुणाच्या पडवीत, जखम बघायला गेलीस की पहिला प्रश्न हाच येणार, ‘सिस्टर, यावर काय लावू?’ घाईने उत्तर देऊ नकोस. त्या जागेवर भार कशाचा पडतोय ते आधी बघ. माणूस दिवसभर कसा निजतो, कसा बसतो, पायात काय घालतो, वाडीत अनवाणी जातो का, हे विचार. जखम भरायचं काम शरीर स्वतः करतं. आपण फक्त त्याच्या वाटेतली अडचण काढायची, आणि बऱ्याच वेळा ती अडचण म्हणजे त्या माणसाचं स्वतःचं वजन असतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं आधी सांगते, कारण आपल्याकडे आता घरोघरी असं कुणीतरी आहे. पक्षाघात झालेले, खुब्याचं हाड मोडलेले, नुसते वयाने थकलेले. त्यांना कुशीवर वळवलंस की माकडहाडाची जागा, दोन्ही खुबे, टाचा आणि घोटे बघ. कातडी लालसर दिसली तर अंगठा हलकेच दाबून धर आणि उचल. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय, अजून वेळ आहे. दाबूनही लाल तशीच राहिली तर आत इजा झालेली आहे, वरून कातडी अख्खी असली तरी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, हे पुस्तकात बारीक अक्षरात असतं. म्हणून हाताची मागची बाजू लाव. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम आहे का, थंड आहे का, घट्ट लागते की लिबलिबीत, ते हाताला कळतं. दुपारच्या उजेडात बघ, ट्यूबलाइटखाली नको.

मग वळवणं. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पूर्ण कुशीवर टाकलं की सगळा भार खुब्याच्या टोकावर येतो आणि तिथे नवी जखम सुरू होते. पाठीमागे उशी सरकवून माणसाला थोडंसंच कलतं ठेव, साधारण ३० अंश, म्हणजे भार कुल्ल्याच्या मांसल भागावर जातो. टाचा गादीला टेकूच देऊ नकोस. पोटरीच्या पूर्ण लांबीखाली उशी घाल, टाच हवेत राहिली पाहिजे, खालून कागद सरकवता आला पाहिजे. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नकोस. ओढलं की कातडी चादरीला धरून मागे राहते, आतलं हाड पुढे जातं आणि मधल्या रक्तवाहिन्या पिळवटतात. दोघांनी मिळून खालची चादर धरून उचल. जेवण भरवताना पाठ उंच केलीस तर जेवण झाल्यावर थोड्या वेळाने ती परत खाली आण, नाहीतर माणूस हळूहळू घसरत राहतो.

हवेची रबरी रिंग बरेच लोक आणतात, दुकानदारही देतो. ती वापरू नको म्हणून सांग. मधली जागा मोकळी राहते खरी, पण रिंगच्या कडेने रक्त आवळलं जातं आणि मधल्या कातडीला ते पोचत नाही. माझ्या शिकण्याच्या काळात पाठीची निगा म्हणजे स्पिरिट चोळायचं आणि वर पावडर मारायची. ते करणारा हात चांगला हात समजला जायचा. पुढे अभ्यास झाले आणि कळलं की लाल झालेली जागा चोळली तर आतल्या नाजूक वाहिन्यांना आणखी इजा होते. आता ते शिकवत नाहीत. हे तुला मुद्दाम सांगते. वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं म्हणून ते खरंच असेल असं धरून चालू नकोस. माझंही तपासून घे.

तपासणं म्हणजे काय ते आपल्या केळीच्या पानावरून सांगते. तू तर केळीच्या वाडीत वाढलेली. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या कडेने केळी, सणासुदीला जेवण पानावर, उरलेली पानं गुरांपुढे. तेच पान सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांच्या अंगावर ठेवलं आणि त्याचा रीतसर अभ्यास केला. २००३ साली भाजलेल्या जखमांवरच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यांचे निबंध छापून आले. त्याआधी मुंबईतच वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी बटाट्याच्या उकडलेल्या सालींची पट्टी करून पाहिली होती, तो निबंध १९८५चा. गोरे बाईंनी केळीच्या पानाची तुलना थेट त्या बटाट्याच्या पट्टीशी केली. दुसऱ्या अभ्यासात, रोपणासाठी मांडीवरून कातडी काढतात ना, त्या उघड्या जागेवर पान ठेवून व्हॅसलिन गॉझशी तुलना केली. गॉझ जखमेत रुतून बसतं. ते काढताना रुग्ण ओरडतो, नवी आलेली कातडी सोलली जाते, रक्त येतं. पानाचा पृष्ठभाग मेणचट असतो, ते चिकटत नाही, सहज सुटून येतं. वेदना कमी, आणि किंमत कितीतरी पटींनी कमी.

या अभ्यासात शिकण्यासारखं काय, ते नीट बघ. पान चांगलं आहे, एवढंच म्हणून त्या थांबल्या नाहीत. कशाच्या तुलनेत चांगलं, हे आधी ठरवलं. जखम किती दिवसांत भरली हे तर मोजलंच, पट्टी काढताना किती दुखलं हेही मोजलं. दुखणं हा मोजायचा विषय आहे असं मानणं, हीच मोठी गोष्ट होती. भाजलेल्या वॉर्डात सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली आली की बायका आणि मुलं थरथरायला लागतात, हे ज्याने पाहिलंय त्यालाच तो प्रश्न सुचतो. संशोधनाचा विषय लांबून शोधत बसू नकोस. रोज ज्या गोष्टीने तुझं मन कळवळतं तिथे तुझा प्रश्न आहे.

आणि हो, यातून कुणी असं समजू नये की वाडीतलं पान तोडलं आणि भाजलेल्यावर घातलं. तिथे पान धुऊन, कापडावर चिकटवून, वाळवून, पाकिटात घालून वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेलं असतं. आपल्या पानावर माती असते, फवारणी असते, पाखरांची घाण असते. घरी कुणी भाजलं तर एकच औषध, नळाचं वाहतं पाणी, पूर्ण २० मिनिटं. घड्याळ लावून. लोक दोन मिनिटं धरतात आणि टूथपेस्ट शोधायला जातात. बर्फ नको, शाई नको, तूप नको, हळद नको, कॉफीची पूड नको. बांगड्या, अंगठी, पैंजण लगेच काढ, कारण सूज आली की निघत नाहीत. फोड फोडू नको. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने सैल झाक आणि दवाखान्यात ने. तिथे डॉक्टरांना जखमेचा खरा रंग दिसला पाहिजे. हळद लावली की सगळंच पिवळं दिसतं आणि जखम किती खोल ते कळत नाही.

जखम उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरली की झालं, असं तुझा आजाही म्हणायचा. १९६२ साली लंडनचे जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवरच्या उथळ जखमा घेऊन पाहिलं. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पातळ प्लास्टिकचा पापुद्रा घातला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. नव्या पेशींना सरकायला ओल लागते, कोरड्या खपलीखालून त्यांना वाट काढत जावं लागतं. आज बाजारात जी महागडी ड्रेसिंग आहेत त्यांतल्या बहुतेकांचं मूळ त्या एका प्रयोगात आहे. पण ओलसर म्हणजे चिंब नव्हे. जखमेच्या कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसली, कपडे धुऊन बोटं होतात तशी, तर ओल जास्त झाली. पट्टी लवकर बदल किंवा जास्त शोषणारी घे.

धुवायला रोज हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, सॅव्हलॉन असं काही ओतायची गरज नाही. जंतू मरतात तशा नव्या पेशीही मरतात. पाणी उकळून गार केलेलं, अर्धा लिटरला एक लहान सपाट चमचा मीठ, तेवढं घरी पुरतं. पिण्यायोग्य स्वच्छ नळाच्या पाण्याने धुतलेल्या जखमा जास्त चिघळतात असंही अभ्यासात आढळलेलं नाही. आपल्याकडे प्रश्न विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्याचा आहे, ते मात्र उकळूनच घे.

आता पाय. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, इथे मी जरा रेंगाळणार आहे.

देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आलं. आपल्या आळीत मोजायला गेलीस तर तुला वेगळं सांगावं लागणार नाही. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात. मग वाडीत काटा मोडतो, चपलेतून खिळा वर येतो, बांधावरचा सिमेंटचा कोपरा लागतो आणि त्या माणसाला पत्ताच नसतो. संध्याकाळी सून म्हणते, ‘बाबा, लादीवर रक्त कशाचं?’ तेव्हा कळतं. ज्याला दुखतं तो लंगडतो आणि लंगडल्यामुळे जखमेवरचा भार आपोआप कमी होतो. ज्याला दुखत नाही तो त्याच जखमेवर सरळ चालत राहतो.

ही गोष्ट आपल्याला कुष्ठरुग्णांनी शिकवली, हे विसरू नकोस. फार काळ जग असं समजत होतं की कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं आणि बोटं झडतात. मुंबईत वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून आहे, तिथल्या माणसांकडे बघून लोक हेच म्हणायचे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांनी रुग्णांच्या जखमा चिकाटीने बघितल्या. कुठे होतात, केव्हा होतात, काय करताना होतात. त्यातून कळलं की मांस चांगलं असतं, वेदना नसते म्हणून रोजच्या कामात ते चिरडतं, भाजतं, झिजतं. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडत आणि माणसाला जाग येत नसे. तेव्हा रुग्णांना घरी पाठवताना सोबत मांजर दिलं जाऊ लागलं. मला हा उपाय फार थोर वाटतो. पाहणी नीट केली तर उपाय असाही निघतो, त्याला औषधाच्या दुकानात जावं लागत नाही.

त्याच्याही आधी, १९३०च्या दशकात भारतात डॉ. जोसेफ खान आणि सिलोनमध्ये मिल्रॉय पॉल यांनी कुष्ठरुग्णांच्या तळपायाच्या जखमा प्लास्टर घालून भरून आणल्या होत्या. प्लास्टर पायाला सगळीकडून बरोबर बसवायचं, म्हणजे भार एका बिंदूवर न येता सबंध तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा काही आठवड्यांत भरल्या. १९६०च्या दशकात ब्रँड अमेरिकेत कारव्हिलला गेले आणि तिथे हेच प्लास्टर मधुमेहींच्या पायाला घालू लागले. आज जगभर मधुमेही पायासाठी ते उत्तम मानलं जातं. आपल्याकडच्या गरिबातल्या गरीब, गावाबाहेर टाकलेल्या माणसांच्या पायांवरून हे ज्ञान जगाला मिळालं. तू पुढे कुठल्या परिषदेत बोलशील तर हे आवर्जून सांग.

पायाची बधिरता तपासायला यंत्र लागतंच असं नाही. माणसाला पाय लांब करून डोळे मिटायला सांग. तुझ्या तर्जनीच्या टोकाने त्याच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला हलकेच स्पर्श कर, एक-दोन सेकंद. दोन्ही पाय मिळून सहा जागा. दाबू नको, टोचू नको. ‘कळलं का?’ असंही विचारू नको, सगळे ‘हो’च म्हणतात. स्पर्श झाला की त्यानेच ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचं. दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर तो पाय धोक्यात आहे असं धरून चाल आणि डॉक्टरांकडे पाठव. इंग्लंडातल्या इप्सविच गावी ही रीत तपासून घेतलेली आहे. रविवारी आळीतले चारजण ओट्यावर बसलेले असतात, तेव्हासुद्धा होते ही तपासणी.

चपलेचं बोलायला गेलीस की तुला खरी अडचण समजेल. लोक बाहेर चप्पल घालतात, घरात कुणी घालत नाही. उंबरठ्यावर चप्पल काढायची, ही आपली रीत, आणि ती वाईट नाही. पण बधिर पायाचा माणूस दिवसातली निम्म्याहून जास्त पावलं घरातच टाकतो, स्वयंपाकघर, न्हाणी, पडवी, गोठा. म्हणून त्याच्यासाठी घरात एक वेगळी, धुतलेली, मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल ठेवायला सांग. देव्हाऱ्यापाशी काढा, बाकी सगळीकडे घाला. अंगठ्यात अडकवायची हवाई चप्पल नको, ती टिकवून धरायला बोटं आवळावी लागतात आणि बेचक्यात जखम होते. पाय घालण्याआधी चपलेत हात फिरवायचा, रोज. आत खडा, खिळा, फाटलेली शिवण, काय असेल ते हाताला कळेल. अनवाणी चालायचा नवस कुणी बोलला असेल तर त्याच्याशी वाद घालू नकोस. त्याला विचार, मोजे आणि मऊ बूट घालून गेलं तर चालेल का. बहुतेकांना चालतं, कुणीतरी आपुलकीने विचारायला हवं असतं.

कुष्ठरुग्णांना पाय पाण्यात भिजव, घट्टे घास, तेल लाव असं शिकवतात, ते बरोबर आहे. त्यांच्या पायाला घाम येत नाही, कातडी कोरडी पडून चिरते. मधुमेहींना मात्र पाय फार वेळ भिजवत ठेवू नको म्हणून सांग, आणि गरम पाणी तर नकोच. बधिर पायाला चटका कळत नाही. पाणी कोपराने बघायचं, पायाने नाही. बोटांच्या बेचक्यात तेल लावायचं नाही, तिथे कोरडं पुसायचं.

आपल्या पावसात बेचक्यांचं फार जप. भात लावणीला, भाजीच्या वाफ्यात, तुंबलेल्या रस्त्यावर पाय दिवसभर पाण्यात राहतात आणि चिखल्या होतात. माणसं त्यांना जखम समजतच नाहीत. पण ती फटलेली कातडी म्हणजे उघडं दार आहे. तिथून जंतू शिरले की पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन फुगतो, थंडी वाजून ताप येतो. वसईत पाणी भरतं तेव्हा लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, त्याचे जंतूही अशाच चिरांतून आत येतात. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये. उतरावंच लागलं तर गमबूट, आणि घरी आल्यावर साबणाने धुऊन बेचकं न् बेचकं कोरडं. ताप आला तर डॉक्टरांना ‘पाण्यात गेलो होतो’ हे सांगायला विसरायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं तेही वाडीतल्या प्रत्येकाने लिहून ठेवावं. कोयता लागल्यावर आठवायला बसायचं नसतं.

खाण्यापिण्यावरून तुला घरोघरी भांडावं लागेल, तयारी ठेव. जखम झाली की मासे बंद, अंडं बंद, वांगं बंद, आंबट बंद, कारण म्हणे जखम पिकते. मग तो माणूस पेजेवर राहतो आणि जखमेला भरायला मालमसाला मिळत नाही. मोठा बेडसोर असलेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. पन्नास किलोच्या म्हातारीला साधारण साठ ते पंचाहत्तर ग्रॅम, आणि ती खाते जेमतेम निम्मी. आपल्याकडे बोंबील आहेत, सुकट आहे, अंडी घरची आहेत. न खाणाऱ्यांना डाळ, दूध, शेंगदाणे, चवळी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नको. साखर नियंत्रणात नसेल तर बाकी सगळं करून जखम जागच्या जागी राहते, हेही सांगून ठेव.

मोजल्याशिवाय जखमेबद्दल बोलायचं नाही. ‘बरी वाटते’ असं केसपेपरवर लिहिणाऱ्या सिस्टरवर आम्ही चिडायचो. लांबी, रुंदी, खोली, तळाचा रंग, स्राव, वास, कडा. दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच स्थितीत माणसाला ठेवून. फोटो काढायचा तर आधी त्याला विचार, चेहरा येऊ देऊ नको, शेजारी कागदी पट्टी ठेव, उजेड आणि अंतर दर वेळी तेच. मधुमेही तळपायाच्या जखमेचा एक अंदाज बांधलेला आहे. चार आठवड्यांत तिचं क्षेत्र साधारण निम्मं झालं तर बारा आठवड्यांत भरून यायची आशा चांगली. नाही झालं तर तीच पट्टी तशीच बांधत राहू नको. भार उतरला का, रक्तपुरवठा आहे का, आत हाडाला लागण आहे का, हे पुन्हा पहिल्यापासून बघायला लाव. महिनोन् महिने एकाच जखमेवर एकच पट्टी बांधणं हा माणसावर अन्याय आहे.

जखम भरली म्हणजे काम संपलं, असं समजणारे वॉर्डात खूप भेटतील. भाजलेली मान बरी होते आणि हनुवटी छातीला चिकटते. पाय कापलेल्याचा गुडघा असा आखडतो की पुढे जयपूर फूट बसवताच येत नाही. हे टाळण्यासाठी पहिल्या दिवसापासून एक ध्यानात ठेव. माणसाला ज्या स्थितीत बरं वाटतं त्याच स्थितीत त्याचा सांधा आखडतो. भाजलेल्या मानेखाली उशी नको, उलट खांद्याखाली घडी घालून मान थोडी मागे. कापलेल्या पायाच्या गुडघ्याखाली उशी घालायला घरचे धावतात, मायेपोटीच धावतात. ती काढ. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं निजव, म्हणजे खुबा सरळ राहतो. कापून उरलेल्या पायाला पट्टी इंग्रजी आठासारखी बांध, टोकाशी घट्ट आणि वर जाताना सैल. उलटं झालं तर टोक फुगतं. पक्षाघात झालेल्याला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढणं तर अजून रोज दिसतं, आणि त्याने खांदा कायमचा दुखावतो.

फिजिओथेरपिस्टला पाहुणा समजू नको. या देशात ती विद्या १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत केईएममधून शिकवली जाऊ लागली, आणि १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. आपण चर्चगेट लोकलने पोचतो तिथे हे सगळं आहे. विरारच्या गर्दीत कुबडी घेऊन चढणं शक्य नसतं, म्हणून लोक एकदा जातात आणि पुन्हा जात नाहीत. तुला गावातून काही अभ्यास करायचा असेल तर हा कर: किती जणांना व्यायाम सांगितले गेले आणि तिसऱ्या महिन्यात किती जण करत आहेत, सुटले ते कशामुळे सुटले. यावर पैसा फारसा लागत नाही. लागते ती घरोघरी जायची तयारी आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं लिहायची हिंमत.

गावातून संशोधन होत नाही, असं तुला कुणी म्हणालं तर गडचिरोलीचं उदाहरण दे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवत होते. कुष्ठरुग्णांना घरात ठेवून घेण्याइतकी गावाची समजूत त्या बायकांनी बदलली. शिकवायची त्यांची रीत मला फार पटते. थोडं शिकवायचं, बाईने गावी जाऊन ते करायचं, पुन्हा यायचं आणि काय झालं ते सगळ्यांपुढे सांगायचं.

तूही शिकवशील तेव्हा फळ्यावर थोडं आणि खाटेवर जास्त शिकव. नव्या मुलींना एकदा खाटेवर उताणं निजव आणि दोन तास जराही हलायचं नाही म्हणून सांग. वीस मिनिटांत माकडहाड बोलायला लागतं. त्यानंतर ‘दोन तासांनी वळवा’ हे वाक्य त्यांना पाठ करावं लागत नाही. ब्रेडन यांनी १९८७ मध्ये बेडसोरचा धोका मोजायची सहा कलमी रीत दिली, स्पर्शज्ञान, ओल, वावर, हालचाल, खाणं आणि घर्षण. ती पाठ करून घेण्यापेक्षा एकाच म्हाताऱ्याला तिघींनी वेगवेगळे गुण द्यावेत, मग गुण का वेगळे आले यावर बोलावं. मावशी आणि वॉर्डबॉय यांनाही त्या शिकवणीला बसव. रात्री तीन वाजता माणसाला वळवायचं काम त्यांच्याच हातून होतं.

रुग्णाला घरी सोडताना जी पट्टी बांधणार असेल तिच्याकडून, सून असो की लेक की शेजारीण, तुझ्यासमोर एकदा पूर्ण पट्टी बांधून घे. ‘समजलं का?’ विचारून उपयोग नाही. हात धुण्यापासून जुनी पट्टी कागदात गुंडाळून टाकण्यापर्यंत तिचा हात चालताना बघ. ती अडखळली तर तूच काहीतरी अवघड करून सांगितलंयस असं समज आणि सोपं कर. मग तुझा फोन नंबर तिच्या फोनमध्ये घाल आणि खुणा सांग: जखमेभोवतीची लाली वाढत चालली, घाण वास आला, थंडी वाजून ताप आला, पाय किंवा बोट काळं-निळं पडलं, दुखत नसलेली जागा एकाएकी ठणकायला लागली, की रात्र असो, पाऊस असो, सकाळची वाट बघायची नाही. हे तिच्या तोंडून वदवून घे, आणि मगच त्यांना रिक्षात बसव.